आडवाटेची भाषा आणि भरतीचा हिशेब

दिल्लीच्या आर. के. पुरममधला ईस्ट ब्लॉक म्हणजे सरकारी कचेऱ्यांची लांबलचक रांग. 11 मार्च 1986 रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, पत्ता कित्येक वर्षे इथलाच होता. पुढे तो विभाग महिपालपूरला गेला. कोणती प्रोग्रामिंग भाषा घ्यावी आणि ती येणारी माणसे कुठून आणावीत, हा प्रश्न आयटी कंपन्यांना रोजच पडतो. पण या देशात तो सर्वांत मोठ्या पटावर कुठे मांडला गेला असेल, तर मला वाटते या विभागाच्या कागदांत.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, 19 जून 2009 रोजी केंद्राने सीसीटीएनएस या योजनेला 2000 कोटी रुपये मंजूर केले. देशभरची पोलीस ठाणी एका जाळ्यात आणायची, एफआयआर संगणकावर नोंदवायचा, एका राज्यातला गुन्हेगार दुसऱ्या राज्याच्या पोलिसांना सापडला पाहिजे, असा बेत. आज महाराष्ट्रातला माणूस पोलिसांच्या पोर्टलवरून एफआयआरची प्रत उतरवून घेतो, ते याच कामाचे फळ. मूळ सॉफ्टवेअर केंद्राने विप्रोकडून करून घ्यायचे, आणि राज्यांनी ते आपापल्या गरजेप्रमाणे बेतून चालवायचे. राज्यांसाठीच्या निविदांत एक कलम होते, ते मला फार बोलके वाटते. हे सॉफ्टवेअर दोन वेगवेगळ्या स्टॅकमध्ये, म्हणजे तंत्रसाधनांच्या दोन संचांत, बनेल, राज्याने त्यातला एक निवडावा. पहिला स्टॅक सन मायक्रोसिस्टिम्सच्या घराण्याचा: सोलारिस, ग्लासफिश, मायएसक्यूएल आणि जावा. दुसरा मायक्रोसॉफ्टचा: विंडोज सर्व्हर, एसक्यूएल सर्व्हर आणि डॉट नेट.

एकच काम दोनदा लिहून घ्यायचे, ही वरवर पाहता उधळपट्टी. पण निविदा सरकारी असते, काम सर्वांत कमी बोलीवाल्याला, म्हणजे एल-वनला मिळते, आणि तो एल-वन पाच वर्षांनी बदलतो. त्याची माणसे तर वर्षभरातच बदलतात. अशा ठिकाणी सॉफ्टवेअर कशात लिहिले आहे, यापेक्षा ते उद्या येणाऱ्या अनोळखी माणसाला वाचता येईल का, याला किंमत असते. गुवाहाटीत असो की गांधीनगरात, जावा किंवा डॉट नेट येणारा पोरगा मिळतोच. हास्केल किंवा अर्लांगसारखी आडवाटेची भाषा येणारा शोधायचा तर बंगळूर गाठावे लागेल, आणि तो एल-वनच्या दरात हलणार नाही. तेव्हा दोन चलनी नाणी राज्यांपुढे ठेवणे शहाणपणाचेच होते.

पुढची गंमत मात्र निविदेत नव्हती. जानेवारी 2010 मध्ये ऑरॅकलने सन विकत घेतली. नोव्हेंबर 2013 मध्ये ऑरॅकलने ग्लासफिशची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती पुढे चालवणार नसल्याचे सांगून टाकले. सोलारिसचेही दिवस फिरले. म्हणजे 'सगळे वापरतात ते' निवडूनही त्यातला अर्धा संसार काही वर्षांत आडवाटेला लागला. टिकली ती जावा, कारण तिच्यामागे एकट्या कंपनीचे बळ नव्हते. जगभरच्या बँका, विद्यापीठे आणि क्लासेस तिला धरून होते. भाषेचे चलन आणि तिच्याभोवतीच्या विक्रेत्याचे चलन या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. आपल्याकडच्या चर्चेत हा फरक फारसा केला जात नाही.

अशा कामाची खरी परीक्षा पुष्कळ उशिरा होते. 1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्याबरोबर नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियमही. कलमांचे आकडे बदलले, ई-एफआयआर, झिरो एफआयआर कायद्यात आले. एनसीआरबीला चालू सीसीटीएनएसमध्ये 23 फेरबदल करावे लागले, तेही देशभर एकाच दिवशी अमलात येतील असे. दशकभरापूर्वी ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिले, त्यांतले कितीजण तेव्हा त्या खुर्चीत असणार? असे काम होते ते नंतर आलेल्या माणसांच्या हातून. भाषा निवडताना वजन करायचे ते या दिवसाचे. पहिल्या वर्षीच्या पगारपत्रकावरून काही कळत नाही.

ईस्ट ब्लॉकपासून जवळच, चाणक्यपुरीत रेल संग्रहालयाशेजारी, याच प्रश्नाचे अगदी उलटे उत्तर नांदते आहे. रेल्वेची माहिती प्रणाली सांभाळणारी क्रिस ही संस्थाही 1986 चीच. आपण खिडकीवर किंवा मोबाइलवर तिकीट काढतो, त्याच्या मुळाशी असलेली कॉन्सर्ट ही आरक्षण प्रणाली सी भाषेत लिहिलेली, आणि ती उभी राहिली ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर. आजच्या कुठल्या कॉलेजात व्हीएमएस शिकवतात? डिजिटल इक्विपमेंट ही मूळ कंपनी 1998 मध्येच कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक पुढे एचपीने. व्हीएमएसची मालकी अशी दारोदार फिरत राहिली. तरी आरक्षण चालत राहिले. त्याचे मोठे कारण तंत्रज्ञानात शोधण्यापेक्षा आस्थापनेत शोधावे. क्रिसकडे रेल्वेतून आलेली आणि स्वतः घेतलेली, वर्षानुवर्षे टिकणारी माणसे होती. जुना नव्याला शेजारी बसवून शिकवतो, आणि नवा पुढच्या वर्षी नोकरी सोडत नाही. आडवाट चालते ती अशा ठिकाणी.

या दोन कचेऱ्यांच्या मध्ये खाजगी कंपन्यांचे सगळे जग बसते. 2018 च्या मेमध्ये मेट्रोची मॅजेंटा लाइन इथवर आल्यापासून आर. के. पुरम आणि मुनीरका ही स्टेशने नोएडा-गुरुग्रामच्या नोकरदारांनी सकाळी भरून जातात. एकीकडे सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुले, दुसरीकडे मुनीरका गावातल्या पीजींत दाटीने राहणारी बाहेरगावची. यांनाच नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे भरतीवाले एक वाक्य नेमाने म्हणतात: "माणसं मिळत नाहीत हो त्या भाषेत." नौकरी डॉट कॉमवर 'जावा, चार वर्षे' असे टाकले तर पाने संपत नाहीत. 'क्लोजर, चार वर्षे' टाकले तर एका पानावर भागते, आणि त्यातले निम्मे आधीच ओळखीचे निघतात. इथे चर्चा थांबते आणि जावा ठरते.

तिथे ती थांबू नये. कागद-पेन्सिल घेऊन बसू. समजा, नोएडात दहा जणांची टीम आहे, सरासरी सीटीसी 25 लाख, म्हणजे वर्षाचा पगार अडीच कोटी. दरवर्षी दोघे सोडून जातात. भरती एजन्सीची दलाली साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी, 8.33 टक्के, म्हणजे दोन लाखांच्या थोडे वर. जावाचा माणूस कोड समजून घेण्यात एक महिना घालवतो, आणखी दोन लाख. माणशी सव्वाचार लाखांच्या आत, दोघांचे मिळून सव्वाआठ-साडेआठ लाख. आता आडवाटेची भाषा घेऊ, पण ती न येणारा हुशार माणूस घेऊन त्याला तीन महिने शिकवू. दलाली तीच, शिकवण्याचे सव्वासहा लाख. दोघांचे साडेसोळा लाखांच्या वर. फरक पडला सव्वाआठ लाखांचा, वर्षाच्या पगाराच्या तीन-साडेतीन टक्के. त्या भाषेमुळे दहाचे काम नऊ जणांत भागत असेल तर वाचले 25 लाख. हा सौदा तोट्याचा म्हणता येत नाही.

याच कागदावर दोन आकडे बदलून पाहा. कंपनीने हट्ट धरला की भाषेचा अनुभव असलेलाच हवा, आणि त्यासाठी बाजारभावावर तीस टक्के जास्त मोजले, तर दहा जणांच्या टीमवर दरसाल 75 लाख वाढले. दुसरे, दोघांच्या जागी पाच जण सोडून जाऊ लागले, तर दोन्ही बाजूंतला फरक सव्वाआठवरून जवळजवळ एकवीस लाखांवर गेला, आणि नऊ माणसांत भागवून केलेली बचत बहुतेक त्यातच जिरली. भाषा तीच, काम तेच. फरक पाडला अनुभवाच्या हट्टाने आणि गळतीने. 'ही भाषा परवडेल का' हा प्रश्न विचारण्याआधी 'आपल्याकडे माणूस किती टिकतो आणि शिकवायला आपल्याकडे कोण आहे' हे विचारायला हवे. बहुतेक ठिकाणी पहिल्यावर तासन्‌तास वाद होतो आणि दुसऱ्याचा आकडा एचआरच्या फायलीत पडून राहतो.

आपल्याकडे यात आणखी एक खास देशी पेच आहे, नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडचा. आज हो म्हटलेला माणूस तीन महिन्यांनी रुजू होणार. मधल्या काळात त्याच्या हातात आणखी दोन ऑफर येतात आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन लागत नाही. जावाच्या जागेसाठी कंपनीने मागे चार जण रांगेत ठेवलेले असतात. आडवाटेच्या भाषेत ती रांगच नसते. परदेशी लेखांतली गणिते इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण.

आता ज्यांनी आडवाट धरली आणि तारून नेली, त्यांच्याकडे पाहू. सगळ्यात गाजलेले नाव अर्लांगचे. स्वीडनच्या एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1986 च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी ही भाषा घडवली. एएक्सडी-301 हा त्यांचा स्विच याच भाषेतल्या दहा लाखांहून अधिक ओळींवर चालला. आणि तरी 1998 मध्ये एरिक्सनच्या एका मोठ्या शाखेने नव्या उत्पादनांत अर्लांगला बंदी घातली. युक्तिवाद ओळखीचाच होता: घरची भाषा घरानेच सांभाळायची, त्यापेक्षा जग वापरते ती घ्यावी. त्याच वर्षाच्या अखेरीस भाषा मुक्त स्रोत झाली, लेखकांपैकी बरेचजण बाहेर पडले. पुढे व्हॉट्सअॅपने त्याच भाषेवर आपला सर्व्हर उभा केला. फेसबुकने 2014 मध्ये 19 अब्ज डॉलरना ही कंपनी घेतली, तेव्हा 45 कोटी लोक ती वापरत होते आणि सगळी मिळून माणसे होती पन्नास-पंचावन्न. हा दाखला आडवाटेचे भक्त नेहमी देतात, पण अर्धाच सांगतात. व्हॉट्सअॅपने भाषा हौसेने निवडली नव्हती. निरोप पोचवणारे ईजॅबर्डी नावाचे तयार सॉफ्टवेअर अर्लांगमध्ये होते, भाषा त्याच्याबरोबर आली. आणि पन्नास माणसांच्या कंपनीला भरतीची चिंता किती असणार!

जेन स्ट्रीट हे नाव मराठी वाचकांना जुलै 2025 मधल्या सेबीच्या 4843 कोटींच्या आदेशामुळे माहीत झाले. त्या वादाशी इथे आपल्याला कर्तव्य नाही. शेअर बाजारात उलाढाल करणारी ही कंपनी जवळजवळ सगळे काम ओकॅमल या भाषेत करते, आणि ती येणारी माणसे शोधत बसत नाही. गणितातली हुशार मुले घ्यायची आणि आपल्याकडे शिकवायची, ही तिची रीत. ब्राझीलची नूबँक क्लोजरवर उभी आहे. तीही माणसे घेऊन शिकवते, आणि 2020 मध्ये तर तिने क्लोजर सांभाळणारी कॉग्निटेक्ट ही कंपनीच विकत घेतली. भाषा आडवाटेची असेल तर तिची शाळा आणि तिची विहीर दोन्ही आपल्या मालकीच्या हव्यात, हे या मंडळींना कळले होते. पण हे उपाय पैसेवाल्यांचे. जेन स्ट्रीटसारखा पगार देणाऱ्याने 'आम्हाला माणसे मिळतात' म्हणण्यात नवल ते काय?

आपल्या देशातला जवळचा दाखला बंगळूरच्या जसपेचा. 30 डिसेंबर 2016 रोजी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये पंतप्रधानांनी भीम अॅप सुरू केले, ते जसपेने घडवलेले. ही कंपनी हास्केल आणि प्युअरस्क्रिप्टसारख्या भाषांत काम करते. बंगळूरच्या रिक्षावाल्यांचे नम्मा यात्री हे अॅपही तिच्याच घरातून आले, त्याचा मागचा कारभार हास्केलमध्ये आणि कोड सगळ्यांना खुला. पुण्यात हेल्पशिफ्टने क्लोजरवर आपले उत्पादन उभे केले. 2022 च्या डिसेंबरमध्ये कीवर्ड्स स्टुडिओजने ती कंपनी घेतली. हेल्पशिफ्टसारख्या एका कंपनीमुळे शहरात त्या भाषेची माणसे तयार होतात, ती पुढे इतरत्र जातात, दोन-तीन छोट्या कंपन्या त्यांच्या जिवावर निघतात. पुण्या-बंगळूरला हे घडले. दिल्ली-एनसीआरमध्ये मोठ्या प्रमाणावर घडल्याचे दिसत नाही. इथला बाजार बँकांच्या बॅक ऑफिसचा, बड्या परदेशी कंपन्यांच्या केंद्रांचा आणि सरकारी कंत्राटांचा, म्हणजे एक माणूस काढून दुसरा बसवता आला पाहिजे अशा कामांचा.

उलट्या पावली परतलेल्यांची यादीही लांब आहे, पण एकच नाव पुरे. पॉल ग्रॅहॅमने वायावेब ही दुकाने थाटून देणारी कंपनी लिस्पमध्ये लिहिली आणि 1998 मध्ये याहूला विकली. लिस्पमुळे आपण स्पर्धकांच्या पुढे राहिलो, असे त्याने पुढे निबंधातून ठासून सांगितले. याहूने काही वर्षांनी तेच सॉफ्टवेअर सी++ आणि पर्लमध्ये नव्याने लिहून काढले. ग्रॅहॅम खोटे बोलत होता असे नाही. तिघाचौघांच्या टोळीला जी भाषा पंख देते, ती हजारोंच्या कंपनीत सांभाळणारा मिळत नाही. दोघांचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता.

याच ग्रॅहॅमचा 2004 मधला दुसरा एक मुद्दा भरतीवाल्यांनी वाचण्यासारखा आहे: नोकरीसाठी नव्हे तर आवडीने शिकलेल्या भाषेची अट घातली, की अर्ज कमी येतात पण चांगल्यांचे येतात. त्याने उदाहरण घेतले होते पायथनचे! आज सीबीएसईच्या अकरावी-बारावीत सी++ जाऊन पायथन आले त्याला काही वर्षे झाली. आर. के. पुरमच्या डीपीएसपासून केंद्रीय विद्यालयापर्यंत संगणकशास्त्र घेणारे प्रत्येक पोर पायथन लिहिते. चाळणी म्हणून तिचा उपयोग संपला आणि मनुष्यबळ म्हणून तिचा सुकाळ झाला. आडवाटेचा हमरस्ता होतो, तसे हमरस्त्याची आडवाटही होते.

महाराष्ट्राला हे दुसरे उदाहरण फार जवळून माहीत आहे. नव्वदच्या दशकात पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने, अडत्यांची दुकाने यांचे हिशेब ठिकठिकाणी फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस भाषेवर चढले. तेव्हा तालुक्याच्या गावीही फॉक्सप्रो येणारा मुलगा मिळे. क्लास होते, पुस्तके होती. मायक्रोसॉफ्टने मार्च 2007 मध्ये पुढची आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले आणि जानेवारी 2015 मध्ये आधारही काढून घेतला. तरी कर्जखात्यांचे व्याज त्याच प्रोग्रॅममध्ये निघत राहिलेल्या संस्था अनेक. तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस एव्हाना पन्नाशीला आलेला, पुण्यात दुसरेच काही करणारा. मार्चअखेर जवळ आली की अध्यक्षांचा त्याला फोन. तो सांगेल तो दर. कोबोलचेही तेच. वायटूकेच्या वेळी भारतीय कंपन्यांनी पदवीधरांना काही आठवड्यांत कोबोल शिकवून अमेरिकेचे काम उपसले, आणि एप्रिल 2020 मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना बेकारभत्त्याची यंत्रणा कोलमडल्यावर कोबोल येणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली. या भाषा कुणी आडवाटेच्या म्हणून निवडल्या नव्हत्या. त्या काळी हाच सुरक्षित पर्याय होता.

एसएपी या कारखान्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची एबॅप ही भाषा वेगळ्या जातीची. ती एका कंपनीच्या अंगणाबाहेर कुठेच चालत नाही, या अर्थाने अगदी अरुंद. पण पुण्याच्या कारखानदारीत एसएपी इतके पसरले आहे की एबॅपचे क्लासेस गल्लोगल्ली दिसतात. अरुंद असूनही माणसे भरपूर, कारण शिकणाऱ्याला पुढची नोकरी दिसते.

आणि हीच बाजू कंपन्यांच्या हिशेबात सहसा येत नाही: उमेदवाराची. मुनीरकातल्या पीजीत राहणाऱ्या, घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीला तुम्ही प्युअरस्क्रिप्टची नोकरी देऊ केलीत, तर तिचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. तीन वर्षांनी हे सोडले तर मला कोण घेईल, हा असतो. सीव्हीवरची ती तीन वर्षे पुढच्या भरतीवाल्याला वाचताच आली नाहीत तर? हा धोका ती स्वतःच्या अंगावर घेते, आणि त्याचे मोल मागते, ते गैर नाही. ते मोल पगारात चुकवता येते, शिकवून चुकवता येते, किंवा तिचे काम खुल्या कोडमधून जगाला दिसेल असे करून चुकवता येते. नम्मा यात्रीसारख्या खुल्या प्रकल्पात काम केलेल्याला पुढच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी असते. यातले काहीच न करता 'आजची मुले चाकोरी सोडत नाहीत' अशी तक्रार करणारे मालक मला फार पटत नाहीत.

गेल्या काही वर्षांत या तराजूत एक नवे वजन पडले आहे, कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांचे. त्यांचा ओढा दोन्ही दिशांना आहे. नवी भाषा शिकणाऱ्याला शेजारी बसलेला मास्तर मिळाला, तेव्हा वरच्या हिशेबातले तीन महिने दोनवर येऊ शकतात. दुसरीकडे, ही साधने वाचून शिकलेली असतात, आणि वाचायला पायथन-जावाचे डोंगर आहेत, आडवाटेच्या भाषांची फक्त टेकाडे. तिथे ती जास्त चुकतात, कधी नसलेली फंक्शनेही बेधडक सुचवतात. आयबीएमने 2023 मध्ये कोबोलचे जावात रूपांतर करायला मदत करणारे साधन आणले. फॉक्सप्रोवाल्या पतसंस्थेलाही उद्या तसे काही मिळेल. पण व्याजाच्या त्या गणितात 1997 च्या कुठल्याशा ठरावामुळे घातलेली एक अट असते, ती का घातली हे ना कोडमध्ये लिहिलेले असते ना इतिवृत्तात. त्यासाठी मार्चअखेरीला पुण्याला फोन करावाच लागेल.